हातउसने दिलेले चार लाख, कागद एकही नाही, तीन वर्षं होत आली. कोर्टात काही होतं का?

शेवंती_लालबाग | १७ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. प्रश्न अण्णांचा म्हणजे माझ्या वडिलांचा आहे, टाइप मी करतेय.

जून २०२३ मध्ये अण्णांनी आमच्या जुन्या चाळीतल्या शेजाऱ्यांच्या मुलाला चार लाख रुपये हातउसने दिले. चाळ पुनर्विकासात गेल्यावर ती मंडळी डोंबिवलीला गेली आणि फ्लॅटच्या डाऊन पेमेंटला पैसे कमी पडत होते. तीन लाख १२ जूनला एनईएफटीने दिले, उरलेले एक लाख २६ जूनला रोख. सकाळी अण्णांनी बँकेतून काढले, दुपारी तो घरी आला, जेवला आणि घेऊन गेला. आई घरातच होती. व्याज वगैरे काही ठरलं नाही. "दिवाळीनंतर देतो काका" एवढंच बोलणं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने चाळीस हजार यूपीआयने पाठवले. पुढे नुसती टोलवाटोलवी. व्हॉट्सॲपवर "काका जरा थांबा, बोनस झाला की बघतो" छापाचे मेसेज आहेत, एक व्हॉइस नोटही आहे. आता तर फोनच उचलत नाही.

अण्णा म्हणतात, कागद नाही तर कोर्ट आपल्याला दारात उभं करणार नाही. आमचे हे म्हणतात, पोलिसात जा. मला दोन्ही पटत नाही. तोंडी व्यवहार कोर्टात टिकतो का? रोखीच्या लाखावर पाणीच सोडायचं का? आणि सुरुवात कुठून करायची?

विरारफास्ट

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विसरा ते पैसे. लिहिलेलं नाही म्हणजे कोर्टात काहीच नाही. वकिलाची फी वर जाईल ती वेगळीच.

उंदीरमामा

डोंबिवलीत आपली दोन पोरं आहेत. काही बोलणार नाहीत, नुसती त्याच्या सोफ्यावर बसून राहतील. (ॲडमिनदादा, गंमत आहे हो.)

काळाकोट

विरारफास्ट, हा गैरसमज एवढा पसरलाय की उसने घेणारेही त्याच भरवशावर असतात. १८७२ चा करार कायदा कर्जाचा करार लेखीच हवा असं कुठेही म्हणत नाही. तोंडी दिलेलं कर्ज हे कर्जच आहे आणि त्याच्या वसुलीसाठी दिवाणी दावा लावता येतो. दिवाणी दाव्यात फौजदारीसारखं काटेकोर सिद्ध करावं लागत नाही. दोघांपैकी कोणाची हकिगत जास्त संभवते एवढंच न्यायाधीश बघतात. सिद्ध करण्याचा भार मात्र पैसे मागणाऱ्यावर, म्हणजे अण्णांवर.

आता खरी मेख. एनईएफटीच्या नोंदीने पैसे गेले हे सिद्ध होतं. कशासाठी गेले, हे तिथे लिहिलेलं नसतं. उद्या तो कैफियतीत, म्हणजे कोर्टातल्या लेखी उत्तरात, म्हणेल, "काकांनी घराला प्रेमाने मदत केली, परत करायचं कधी ठरलंच नव्हतं." किंवा, "माझ्या वडिलांनी त्यांना पूर्वी दिले होते, तेच फेडले." माझ्यासमोर आलेल्या अशा दाव्यांत लढाई जवळजवळ नेहमी याच एका प्रश्नावर झाली. पैसे मिळालेच नाहीत असं म्हणायला बँकेमुळे कोणी धजत नाही. "ते उसने नव्हते" असं म्हणायला मात्र कोणालाच काही वाटत नाही.

तेव्हा ताई, ते चाळीस हजार आले तेव्हा यूपीआयच्या नोटमध्ये त्याने काही लिहिलं होतं का, ते आधी बघा.

दुसरी गोष्ट त्याहून तातडीची. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या पैशांसाठी तीन वर्षं मिळतात आणि ती पैसे दिल्या तारखेपासून मोजतात. "मागाल तेव्हा देईन" असं ठरलं असलं तरी दिल्या तारखेपासूनच. म्हणजे तुमच्या तीन लाखांची मुदत १२ जून २०२६ ला संपते, रोखीच्या लाखाची २६ जूनला. दिवाळीचा वायदा होता, तेव्हा दिवाळीपासून मोजा, असाही युक्तिवाद करता येतो. पण मग तो वायदासुद्धा तोंडीच सिद्ध करत बसावं लागेल. दुसरं काही हातात उरलं नाही तर तो युक्तिवाद काढायचा. तुमच्या हातात अजून पाच महिने आहेत.

ठाणेकर_मामी

वकिलाची नोटीस पाठवली की तीन वर्षं नव्याने सुरू होतात ना? आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ठामपणे सांगितलं होतं.

काळाकोट

नाही मामी, आणि या ठाम सेक्रेटरींमुळे किती जणांचे पैसे बुडाले असतील कोण जाणे. नोटीस तुम्ही पाठवता. तुमच्या पत्राने तुमचीच मुदत वाढायला लागली तर मुदत कायदा हवाच कशाला?

मुदत वाढते ती समोरच्याच्या कृतीने. मुदत संपायच्या आत त्याने देणं लेखी कबूल करून सही केली तर सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षं, हे कलम १८. त्याने काही रक्कम फेडली तरी नवी मुदत मिळते, हे कलम १९. पण तिथेही अट आहे, त्या फेडीची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने असली पाहिजे. चेकने हप्ता दिला असता तर चेकवरची सही पुरते. यूपीआयवर सही कुठली? वाद घालता येईल, वेळ आली तर मी घालेनही. पण पाच महिने हातात असताना सगळा भार त्या वादावर कशाला टाका?

चक्रवाढ

मी सीए आहे, रोखीबद्दल लिहितो. कारण आता कोणीतरी येऊन म्हणणारच, "वीस हजारांवर रोख दिले म्हणजे व्यवहारच बेकायदेशीर."

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम २६९एसएस म्हणतं की वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेऊ नये. दंड घेणाऱ्याला, आणि तो रकमेएवढा. देणाऱ्याला या कलमाखाली दंड नाही. मग असं कर्ज कोर्टातून वसूल होतं का? यावर बरीच वर्षं गोंधळ होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालात हिशेबात न दाखवलेल्या रोख पैशांच्या वसुलीला नकार दिला होता आणि चेक बाउन्सच्या प्रत्येक खटल्यात आरोपीचे वकील तोच निकाल पुढे करायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम २६९एसएस मोडलं तर दंड होईल, पण तेवढ्याने देणं बेकायदेशीर ठरत नाही. मूळ खटला गोव्यातला, चेक बाउन्सचाच.

आणखी एक. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलंय की दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचा दावा कोर्टात आला तर कोर्टाने प्राप्तिकर खात्याला कळवायचं. तुमचं एक लाख आहे, तो प्रश्न येत नाही. इथे वाचणाऱ्या बाकीच्यांनी मात्र लक्षात ठेवा. "दहा लाख कॅश दिली" असं दाव्यात लिहिण्याआधी ते आले कुठून, हे तयार ठेवा.

अण्णांच्या पासबुकात २६ जूनला लाख काढल्याची नोंद आहे हे उत्तम. पैसा कुठून आला याचं उत्तर त्या एका ओळीत मिळतं. तो लाख त्याच्याच हातात गेला हे मात्र त्या ओळीने सिद्ध होत नाही. तिथे तुमच्या आईची साक्ष लागेल.

विरारफास्ट

आईची साक्ष? घरच्या माणसाची साक्ष कोर्ट मानतं?

काळाकोट

मानतं. घरची आहे म्हणून साक्ष बाद होत नाही, जरा जास्त बारकाईने तपासली जाते. घरात पैसे दिले तर साक्षीला घरचंच माणूस असणार, तिथे पंच कुठून आणायचे? उलटतपासणीत आईंना विचारतील, नोटा कितीच्या होत्या, कशात गुंडाळल्या होत्या, तुम्ही तेव्हा कुठे उभ्या होतात. आठवतं तेवढंच सांगावं आणि जे आठवत नाही ते "आठवत नाही" म्हणावं. रचून सांगायला गेलेले साक्षीदार नोटांच्या रंगावर अडकलेले मी पाहिलेत.

गणपत_भिशीवाले

सावकारीचा परवाना नसेल तर दावा लागतच नाही असं ऐकलंय. अण्णांवरच उलटायचं.

काळाकोट

ते सावकारी *धंदा* करणाऱ्यासाठी. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा, त्याआधी १९४६ चा होता. परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने कोर्ट हुकूमनामा, म्हणजे निकालाचा आदेश, देत नाही हे खरं. पण शेजाऱ्याच्या मुलाला बिनव्याजी एकदा पैसे दिले, याला धंदा म्हणत नाहीत. धंद्यात सातत्य लागतं. अण्णांनी अख्ख्या चाळीला महिना तीन टक्क्यांनी वाटले असतील तर गोष्ट वेगळी. (गणपतराव, तुमच्या नावाकडे बघून तुम्ही सावध राहावं असं सुचवतो.)

शेवंती_लालबाग | १८ जानेवारी

सगळ्यांचे आभार! अण्णांचा यूपीआय काढून बघितला. चाळीस हजारांच्या नोटमध्ये त्याने लिहिलंय, "उसन्यापैकी ४०".

काळाकोट

ताई, हे दोन शब्द जपा. "प्रेमाने मदत केली" हा बचाव तिथेच संपला. उसने होते हे तो स्वतः म्हणतोय आणि "पैकी" म्हणतोय, म्हणजे अजून बाकी आहे.

आता पुरावा कसा जपायचा. स्क्रीनशॉट काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. अण्णांचा तो हँडसेट विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका. कोर्टात छापील प्रत द्यायची तर तिच्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, त्याआधी पुरावा कायद्याचं ६५ब होतं. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नमूद करावी लागते. या प्रमाणपत्राचा आग्रह पक्का झाला तो आपल्याच राज्यातल्या खटल्यावरून. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता, निकाल २०२०. बँकेकडून खातेउताराही प्रमाणित करून घ्या, घरी काढलेली पीडीएफ पुरत नाही.

उंदीरमामा

आणि कॉल रेकॉर्ड केला तर? अण्णांनी गोड बोलून "बाळा, चार लाखांचं काय झालं" विचारायचं.

काळाकोट

मामा, या वेळी कामाचं बोललात. संभाषणातला एक माणूस स्वतः रेकॉर्ड करत असेल तर ते पुराव्यात येऊ शकतं, यावरचा गाजलेला निकाल मुंबईचाच आहे. शहराच्या कोरोनरवर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप होता, त्या डॉक्टरच्या संमतीने फोनवरचं बोलणं टेप केलं होतं. मलकानी खटला, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा. धमकी नको, सापळा लावल्यासारखे प्रश्न नकोत आणि मूळ फाइल मूळ फोनमध्येच राहू द्या.

सांबार_इडली

पोलिसांचं काय? कलम ४२० लागत नाही का? एक तक्रार गेली की माणूस ताळ्यावर येतो.

काळाकोट

४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. फसवणूक ठरायला पैसे घेतानाच त्याची नियत खोटी होती हे दिसावं लागतं. चाळीस हजार परत करणाऱ्याबद्दल ते दाखवणं अवघड. पोलीस ठाण्यातले अधिकारी "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवतील आणि इथे त्यांचं बरोबर असेल. पोलीस वसुली करून देत नाहीत. दिवाणी वादाला फौजदारी रंग देण्यावरून सर्वोच्च न्यायालय वारंवार चिडलेलं आहे.

निवृत्त_शिरस्तेदार

उशिरा आलो. कोर्टात आयुष्य गेलं म्हणून टेबलाच्या आतल्या बाजूचं सांगतो.

दावा कुठे? प्रतिवादी राहतो तिथे, म्हणजे डोंबिवलीसाठी कल्याणला, लावता येतो. पण पैसे लालबागला दिले, दाव्याचं कारण अंशतः मुंबईत घडलं, म्हणून मुंबईतही लावता येतो. वय बघता अण्णांना कल्याणला फेऱ्या मारायला लावू नका. मुंबईत शहर दिवाणी न्यायालय, फोर्टला. दिंडोशीची शाखा उपनगरांसाठी आहे, लालबागचं प्रकरण तिकडे जात नाही. या न्यायालयाची मर्यादा पूर्वी एक कोटी होती, २०२४ पासून दहा कोटी झाली. म्हणजे उच्च न्यायालयातले पुष्कळ दावे आता खाली येतात आणि बोर्ड, म्हणजे रोजच्या प्रकरणांची यादी, लांबतं, हेही धरून चला.

दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ३७ चा समरी दावा, म्हणजे झटपट चालणारा दावा, तुम्हाला मिळणार नाही. त्याला चेक, हुंडी, वचनचिठ्ठी किंवा लेखी करार लागतो. तोंडी व्यवहाराला साधा दावा, म्हणजे समन्स, कैफियत, मुद्दे, सरतपासणी, उलटतपासणी, युक्तिवाद सगळं आलं. कैफियतीला तीस दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर नव्वद. आणि समन्स बजावणी! "घर बंद आढळले" असा बेलिफाचा शेरा घेऊन वर्ष गेलेली प्रकरणं माझ्या कपाटात होती. डोंबिवलीचा पत्ता, कामाच्या ठिकाणचा पत्ता, ईमेल, सगळं दाव्यातच घाला.

मेच्या सुट्टीवर विसंबू नका. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, हे कायद्यात आहे. पण कोर्ट उघडण्याच्या दिवशी फायलिंगच्या खिडकीवर काय गर्दी असते ते मी आतून पाहिलंय. त्यात ऑफिस ऑब्जेक्शन, म्हणजे कागदांत त्रुटी, निघालं की वकील घामाघूम.

व्याज ठरलं नव्हतं ना? तरी नोटीस पाठवाच. मामींना वाटलं तशी मुदत वाढत नाही, पण नोटिशीत व्याज मागितलं तर १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे कोर्ट नोटिशीच्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. तोंडी मागितलेल्याला तो फायदा नाही. आणि नोटीस मिळूनही तो गप्प बसला तर त्या गप्प बसण्याचंही वजन पडतं.

सांबार_इडली

समजा दावा जिंकला. मग? तो देतच नाही म्हणाला तर?

निवृत्त_शिरस्तेदार

मग दरखास्त. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला बारा वर्षं असतात. लोकांना वाटतं निकाल लागला की कोर्ट पैसे आणून देईल. कोर्ट काही शोधत फिरत नाही, त्याचं काय कुठे आहे ते तुम्ही दाखवायचं.

नोकरी करतो म्हणता, तर पगार जप्तीचा अर्ज. पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश याला हात लावता येत नाही. पगार चाळीस हजार धरला तर एक हजार अधिक सव्वीस हजार, म्हणजे सत्तावीस त्याचे, तेरा हजार तुम्हाला. एका हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त चोवीस महिने. हिशेब केला तर तीन लाख बारा हजार होतात. भविष्यनिर्वाह निधी जप्त होत नाही. तुरुंगाची धमकी सिनेमात ठीक आहे. ऐपत असून मुद्दाम देत नाही हे दाखवल्याशिवाय दिवाणी कैद होत नाही.

चक्रवाढ

हे पगाराचं गणित त्याला पाठवून द्या ताई, आधी. कंपनीच्या एचआरकडे कोर्टाचं पत्र जाणार हे ऐकून बरेच जण मार्गावर येतात.

शेवंती_लालबाग | १९ जानेवारी

अण्णांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पोराला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, त्याच्या ऑफिसात पत्र नको." आई म्हणाली, "त्याने तुम्हाला खेळवलं तेव्हा चाललं." घरात सध्या हे सुरू आहे.

कोर्टाआधी काही मधला मार्ग आहे का?

काळाकोट

आहे, आणि या घडीला तोच सगळ्यात उत्तम. अण्णांनी त्याला भेटावं, पैसे मागायला नाही, सही मागायला. "तुझी अडचण समजते, हप्त्याने दे, पण माझ्या वयाला एक कागद असू दे." माणूस पैसे द्यायला जेवढा कचरतो तेवढा सहीला कचरत नाही.

कागद म्हणजे मागणी वचनचिठ्ठी, आपली प्रोनोट. "तुम्ही मागाल तेव्हा अमुक रुपये बिनशर्त देईन", रक्कम अंकी आणि अक्षरी, तारीख, ठिकाण. रेव्हेन्यू तिकीट लावून त्याची सही तिकिटावरून आडवी गेली पाहिजे. कायद्याने हजारावरच्या मागणी प्रोनोटला पंचवीस पैशांचं तिकीट पुरतं, आपण एक रुपयाचं लावतो. तिकीट विसरू नका. इतर कागदांवर मुद्रांक कमी पडला तर दंड भरून चालवता येतो, प्रोनोटला ती सोय नाही. बिनतिकिटाची प्रोनोट पुराव्यात येतच नाही. त्यात हप्ते, अटी, गणपती-दिवाळी काही लिहू नका, हप्त्यांचं वेगळ्या साध्या पत्रावर लिहा.

सही १२ जूनच्या आत झाली तर मुदत नव्याने सुरू होते आणि उद्या कोर्टात जायची वेळ आली तर शिरस्तेदारसाहेबांनी सांगितलेला समरी दावाही मिळतो. कोरा चेक मागू नका. तारीख आणि रक्कम घातलेले चेक स्वखुशीने देत असेल तर घ्या.

विरारफास्ट

पण स्टॅम्प पेपरवर नको का? शंभरच्या?

चक्रवाढ

शंभरचा जमाना गेला, ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडे बहुतेक करारांना किमान पाचशेचा लागतो. प्रोनोटला स्टॅम्प पेपर लागतच नाही, साधा कागद आणि तिकीट.

शेवंती_लालबाग | ९ फेब्रुवारी

अपडेट. काल रविवारी अण्णा आणि माझा भाऊ डोंबिवलीला जाऊन आले. त्याची आई रडली, चहा-पोहे झाले, जुन्या चाळीच्या गप्पा झाल्या. मग त्याने दोन लाख साठ हजारांची प्रोनोट लिहून दिली (तीन लाख उणे चाळीस), तिकिटावर सही केली. वीस-वीस हजारांचे तीन चेकही दिले, मार्च, एप्रिल, मे अशा तारखांचे.

पण रोखीचं लिहायला तयार नाही. परत आल्यावर अण्णांनी मेसेज केला, "रोख एक लाखाचं पण लिहून द्यायला हवं होतंस." त्याचं उत्तर, "काका रोखीचे पन्नासच होते, एक नाही. ते नंतर बघू."

आता?

काळाकोट

अभिनंदन अण्णांचं! माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त झालं.

तो मेसेज पुन्हा वाचा. रोख घेतलेच नाहीत असं तो म्हणत नाहीये, रकमेवर भांडतोय. पन्नास हजारांची कबुली त्याने आपल्या हाताने दिली. वरच्या पन्नासासाठी पासबुकाची नोंद आणि आई. पण हा मेसेज पुरावा म्हणून ठीक आहे, मुदत वाढवण्यासाठी त्यावर भिस्त ठेवू नका. रोखीची मुदत २६ जून २०२६ लाच संपते असं समजून चला. मेच्या सुरुवातीपर्यंत ठरवा. पन्नासवर तडजोड करायची असेल तर पन्नासची वेगळी प्रोनोट घ्या. लाखासाठी लढायचं असेल तर दावा. नुसतं "नंतर बघू" वर सोडू नका, त्याला तेच हवंय.

चेकचं. तारखेपासून तीन महिन्यांत भरा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून त्याला पंधरा दिवस, आणि तरीही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात दंडाधिकाऱ्यांकडे कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची, तक्रार. अण्णांचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या हद्दीत तक्रार होते, म्हणजे मुंबईतच. चेकवरची सही त्याचीच असेल तर देण्यापोटी दिला हे कोर्ट गृहीत धरतं, उलट सिद्ध करायचं ते त्याने.

निवृत्त_शिरस्तेदार

हप्ता आला की प्रोनोटच्या पाठीवर रक्कम आणि तारीख त्याच्या हाताने लिहून सही घ्या. दर वेळी नवी मुदत. मूळ प्रोनोट शेवटचा रुपया येईपर्यंत त्याच्या हातात देऊ नका, "झेरॉक्स काढून आणतो काका" म्हणाला तरी नाही. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका. लोक कौतुकाने करतात, मग पाठीवर लिहायचं कुठे?

ठाणेकर_मामी

माझा जरा वेगळा प्रश्न. नणंदेने भावकीत एकाला दोन लाख दिले होते २०२१ मध्ये. मुदत तर गेलीच म्हणायची. शिवाय तो माणूस गेल्या वर्षी वारला. मुलगा म्हणतो, बाबांचं देणं मी देईन. नुसतं बोलतोय.

काळाकोट

मामी, दोन गाठी आहेत. मुदत गेलेलं कर्जही देणेकऱ्याने लेखी वचन देऊन सही केली तर पुन्हा जिवंत होतं, करार कायद्याचं कलम २५, पोटकलम ३. तिथे नुसती कबुली पुरत नाही, "देईन" असं स्पष्ट वचन लागतं. पण ते वचन मूळ देणेकऱ्याने द्यायचं असतं आणि तो तर राहिला नाही. वारस म्हणून मुलाची जबाबदारी वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, आणि तीही मुदतीत दावा असेल तर. तेव्हा दाव्याच्या भानगडीत पडण्याआधी मुलाची भाषा आहे तोवर नणंदेला त्याच्याकडे जाऊ दे. देतो म्हणतोय तर खात्यावर घ्या आणि नोटमध्ये "बाबांचे उसने" लिहायला सांगा, म्हणजे नणंदेला उद्या प्राप्तिकरवाल्यांनी विचारलं तरी उत्तर तयार.

ठाणेकर_मामी

सांगते तिला. रविवारी बाराव्याला भेटणारच आहेत सगळे, दुसऱ्याच एका नातेवाइकांच्या. तिथे विषय काढू नये ना?

उंदीरमामा

मामी, बाराव्याला नको. तेराव्याला काढा, गोडाचं जेवण असतं.